टेकडीमागची वाट

४ ऑक्टोबर

भिंगरीस,

आशीर्वाद आहेत. दर पत्रात लिहून ते झिजवणार नाही, एकदाच घट्ट धर.

फोन तू उचलत नाहीस. नको उचलूस. पत्राचं बरं असतं, फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं. माझी शाळा चौथीपर्यंत, त्यात तिसरी दोनदा, तेव्हा अक्षराला नावं ठेवायची नाहीत.

तुझ्या बापाकडून सगळं कळलं. तुला चौकीवरून काढून गोदामात बसवलंय, बूट आणि कांबळी सांभाळायला. चौकशी चालू आहे. आणि वरच्यांनी तुझ्यापुढे एक कागद सरकवलाय: हुकूम नसताना चौकी सोडली, घाबरून सोडली, चूक कबूल. त्यावर सही केलीस की नोकरी सोडून गुपचूप घरी. नाही केलीस तर लष्करी कोर्ट. नोव्हेंबरअखेर मुदत. तुझा बाप म्हणतो, सही करून मोकळी हो आणि माझ्या दुकानात बस. त्याचा स्वभावच तो. रंगाचं दुकान आहे, भिंतीला तडा दिसला की वरून हात मारायचा.

मी विचारते ते नीट वाच. तू घाबरली होतीस का? असशील तर कर सही. त्यात लाज नाही. मी जन्मभर पालीला घाबरत आले, कुठंही लिहून देईन. पण घाबरली नसशील तर दुसऱ्यानं रांधलेल्या वाक्यावर आपलं नाव वाढू नकोस.

त्या संध्याकाळी तू आलीस तेव्हा इथं काय झालं, ते तुझ्या बापाला मी सांगितलेलं नाही. त्यानं विचारलं तर म्हटलं, मी भांडी विसळत होते, मला काही ऐकू आलं नाही. सगळं ऐकलं होतं. तू जेवायला बसली होतीस. आजोबांनी एवढंच विचारलं, "हुकूम होता?" तू म्हणालीस, "नव्हता." ते भरल्या ताटावरून उठले, हात धुतला आणि अंगणात जाऊन पाठ करून उभे राहिले. मग तू उठलीस. दोघांचं जेवण मांजरानं खाल्लं. ते मांजर अजून तुझी वाट बघतं, बाकी कुणी बघतं असं मी म्हणत नाही.

आजोबा ठणठणीत आहेत. पायाचं काही नाही. तुझं नाव काढत नाहीत. पूर्वी "आमचे लेफ्टनंट" होतं, आता "तुझी नात" आहे. जशी काही मी तुला माहेराहून आणली होती.

उत्तर दे. दोन ओळी चालतील.

आजी


१९ ऑक्टोबर

भिंगरे,

दोन ओळीसुद्धा आल्या नाहीत. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण मी तुझ्या आजोबांसाठी राखून ठेवली होती. आता दोघांत वाटून देते.

इकडची बातमी म्हणजे अंगणात वाळू आली. पलीकडे घर बांधतायत, तिथल्या गवंड्याला गोड बोलून आजोबांनी काही घमेली आणली. परसातला जुना दरवाजा विटांवर आडवा टाकला, कडेनं फळ्या ठोकल्या, वर वाळू पसरली. मी विचारलं, हे काय. म्हणाले, हात शिवशिवतात. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली आणि हात आत्ता शिवशिवले. मी पुढं विचारलं नाही. विचारलं की बंद होतात, हे इतक्या वर्षांत शिकले आहे.

प्रशिक्षण शाळेतलं ते वाळूचं टेबल तुला आठवत असेल. तुझे आईबाप दिवसभर दुकानात, त्यामुळे शाळा सुटली की तू आमच्याकडे, आणि आमच्याकडे म्हणजे त्या टेबलाखाली. आजोबा शिकाऊ अधिकाऱ्यांसाठी जुन्या लढाया मांडायचे. ओली वाळू थापून डोंगर, निळी लोकर म्हणजे नदी, दाताची पांढरी पूड म्हणजे रस्ता, स्पंजाचे तुकडे झाडं. गवत म्हणून लाकडाचा भुसा मी हिरवा रंगवायचे, बोटं आठवडाभर हिरवी. आणि टेकडीची लढाई शिकवायची असली की मास्तर बाजूला व्हायचे आणि छडी आजोबांच्या हातात यायची, कारण टेकडी त्यांची. हे तरुण होते, हवालदार होते. फौज पूल ओलांडून माघारी चालली होती, तिला वेळ मिळावा म्हणून अकरा जण पुलाजवळची टेकडी रात्रभर धरून बसले. खाली उतरले पाच. फौज वाचली, आजोबांना पदक मिळालं, आणि त्याचा धडा झाला: हुकूम नाही तोवर जागा सोडायची नाही. तू तो धडा पाढ्यांच्या आधी शिकलीस. काड्यापेटीतल्या काड्या वाळूत उभ्या करायचीस, आणि मी जेवायला हाक मारली की टेबलाखालून ओरडायचीस, "हुकूम नाही."

टेकडी थापताना आजोबांची एक खोड होती, तुला दिसली होती की नाही कोण जाणे. मागच्या अंगाला अंगठ्यानं एक रेघ ओढायचे, वरून खालपर्यंत, आणि लगेच तळव्यानं पुसून टाकायचे. दर वेळी. मला वाटायचं, शिंपी कापडावर खडूची रेघ मारतो तसलं काहीतरी असेल.

तर काल वाळू थापून झाली आणि आजोबा मला म्हणाले, नाला चौकीच्या कुठल्या अंगाला आहे? मी म्हटलं, कुठली चौकी? म्हणाले, तुझ्या नातीची. मी म्हटलं, मला काय ठाऊक, तिला विचारा. त्यांनी अशी मान फिरवली, जसं मी त्यांना शत्रूकडून वाटीभर साखर उसनी आणायला सांगितलंय.

म्हणून मी विचारते. मला हवंय म्हणून विचारते. नाला कुठं होता, मागे काय होतं? तोवर त्यांनी अंदाजानं नाला डावीकडे घातलाय, मागे सोपा उतार ठेवलाय, आणि काल दुपारी चौकी दोनदा धरली. "धरता आली असती," म्हणाले, आणि चांगले दोन घास जास्त जेवले.

हे तुला लिहावं की नाही, असा विचार केला. मग लिहिलं. रागानं का होईना, पेन हातात घेशील.

आजी


३ नोव्हेंबर

भिंगरे,

राग आला. छान झालं. चार ओळी आल्या: नाला उजवीकडे. ते त्यातूनच वर येत होते. मागे उतार नाही, कडा आहे, आणि धुकं होतं. हे आजोबांना कळवायची गरज नाही.

मी कळवलेलं नाही. मला मोठ्यानं वाचायची सवय आहे आणि ते खिडकीखाली वाळूवर पाणी शिंपडत होते, त्याला मी काय करणार.

पाणी शिंपडायचं थांबले. मग डावीकडचा नाला बुजवला, सगळी वाळू नव्यानं थापली, उकिडवं बसून मागे कडा उभा केला. उठताना माझा खांदा धरून उठले. पायाचं काही नाही म्हटलं होतं, तसं फार काही नाही.

पण लढाई एकट्याला खेळता येत नाही, शत्रू लागतो. म्हणून मला बसवलं. माझी शिवणाची डबी उपडी केली. पांढरी बटणं तुझी माणसं, काळी बटणं माझी. म्हणाले, तू शत्रू. मी म्हटलं, उभा संसार झाला आणि तुम्हाला हे आत्ता कळलं होय. हसले नाहीत.

मला युद्धातलं काय कळतं. पण एवढं कळतं की ज्याला घरात घुसायचं असतं तो पुढच्या दारानं येत नाही. माझी सासू कायम मोरीच्या दारानं यायची आणि आली की थेट चूल गाठायची, मी काय शिजवलंय ते बघायला. मी काळी बटणं नाल्यातून आणली, एकामागून एक, गुपचूप, आणि चौकीच्या दारात नेऊन बसवली. आजोबा म्हणाले, असं कुणी येत नाही. मी म्हटलं, नाही का? मग पांढरी बटणं उचलून पुन्हा मांडायला लागले, कारण तू लिहिलेलं त्यांनी खिडकीतून ऐकलं होतं.

तेव्हापासून रोज दुपारी आम्ही तुझी चौकी खेळतो. त्यांनी पांढरी बटणं होतील तितक्या तऱ्हांनी मांडून बघितली. दाराशी मांडली, कड्यावर मांडली, निम्मी नाल्याच्या तोंडाशी दडवली. एकदा मांजर येऊन उजव्या फळीवर झोपलं तेव्हा निदान मांजरावर खापर फोडता आलं. बाकी वेळी कुणावर फोडणार. माझ्यासारख्या चौथी पास शत्रूसमोर पांढरं बटण एकदाही वाचलं नाही. खेळ संपला की पांढरी सगळी डबीत, आणि आजोबा डबीकडे बघत बसतात.

शाळेत शिकवायचे तेव्हा ते नेहमी एक सांगायचे. पुढं जायला धाडस लागतं, मागं यायला शिस्त लागते. माघार ही सगळ्यात अवघड चाल. एक धावला की सगळे धावतात, आणि धावणाऱ्याची पाठ मारायला सोपी. हे मी दाराशी भुशाचं पोतं घेऊन उभी असताना इतक्यांदा ऐकलंय की झोपेत म्हणेन. पण इतक्या वर्षांत एकही माघार त्यांनी वाळूत मांडलेली मला आठवत नाही.

काल त्यांनी मला तीन गोष्टी विचारल्या, मध्ये बराच बराच वेळ घालवून. पहिली, वायरलेस कधी बंद पडला. मग चहा झाला. दुसरी, जखमी कुणी उचलले. मग मी दिवाबत्ती केली. तिसरी मी उठून आत जायला लागले तेव्हा विचारली, माझ्याकडे न बघता. उतरताना रांग मोडली का?

हे तिन्ही प्रश्न माझे आहेत असं समजून उत्तर दे. आणि तो कागद उशाखाली असेल तर काढ. त्यानं मान आखडते.

आजी


१५ नोव्हेंबर

भिंगरे,

तुझं पानभर पत्र आलं. ह्या वेळी मी खिडकीपाशी गेले नाही. अंगणातच गेले, त्यांच्या समोर विटेवर बसले आणि वाचलं. लपवाछपवीला आता माझं वय राहिलं नाही.

वायरलेस सकाळीच मेला होता आणि तू अंधार पडेपर्यंत वाट बघितलीस, हे वाचलं. चौकीतून ज्या रस्त्यावर नजर ठेवायची होती त्या रस्त्यावरून आपली शेवटची गाडी केव्हाच गेली होती आणि पुढं राखायला काही उरलं नव्हतं, हे वाचलं. तोफ नासवून मगच निघालात. दोन जखमी पाठुंगळी घेतले, पाळीपाळीनं, त्यात तूही. कड्याच्या कडेनं एकमेकांचा पट्टा धरून उतरलात आणि कुणी धावलं नाही. आजोबा ऐकत होते. हातात एक पांढरं बटण होतं, ते फिरवत होते.

पान संपलं तेव्हा त्यांनी विचारलं, "शेवटी कोण निघालं?"

मी म्हटलं, ते लिहिलेलं नाही. मग कागद उलटा केला. मागे एकच ओळ होती. शेवटी मी निघाले, आणि आता थकले आहे, सही करून टाकणार आहे.

आजोबा उठून आत गेले. जेवले नाहीत. मला वाटलं, झालं, पुन्हा तेच. पण दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर तुझी चौकी सपाट करून टाकलेली आणि त्या जागी टेकडी उभी. त्यांची टेकडी. खाली पूल, पुलाखाली माझ्या जुन्या स्वेटरची उसवलेली निळी लोकर. शेजारी दुसरी टेकडी, ती ते शाळेत कधी दाखवायचे नाहीत. मी भुशाचं डबडं घेऊन जवळ गेले. त्यांनी मागच्या अंगाला अंगठ्यानं रेघ ओढली आणि पुसायला तळवा उचलला.

मी मनगट धरलं. "काय आहे ते?"

"शेरडांची वाट."

"मग पुसता कशाला?"

आता ते जे बोलले ते मी जसंच्या तसं लिहिते आहे, माझं एक अक्षर त्यात नाही.

"फौज संध्याकाळीच पूल ओलांडून गेली होती. जागा सोडा, माणसं घेऊन परत या, असा तोंडी निरोप घेऊन निरोप्या निघालाही होता. पण खालून दोन्ही टेकड्या सारख्या दिसतात. तो शेजारच्या टेकडीवर चढला. हाका मारल्या, ओ मिळाली नाही, परत गेला. आमच्यात एक आचारी होता, माणसं कमी म्हणून त्याच्या हातात बंदूक दिली होती. त्यानं वाकून खाली बघितलं. म्हणाला, हवालदार, खाली एकही दिवा नाही. फौज गेली. ही शेरडांची वाट मोकळी आहे, चला. मी म्हटलं, हुकूम नाही. पहाटे ते आले. आचारी पहिला गेला. आम्ही ज्यांच्यासाठी मरत होतो ते नदीपलीकडे पांघरूण घेऊन झोपले होते."

हे त्यांना दवाखान्यात असताना त्यांच्या कप्तानानं सांगितलं. आणि वर हेही सांगितलं की आता बोलू नकोस. मेलेल्यांच्या घरच्यांना काहीतरी धरायला हवं, आणि नव्या पोरांना धडा चांगला आहे. म्हणून वाट नकाशात आली नाही. म्हणून पदक. म्हणून दर वर्षी ती रेघ ओढायची आणि पुसायची.

मी रडले नाही. उठून चहा टाकायला गेले. दूध उतू गेलं, तेवढंच.

त्या संध्याकाळी आजोबा तुझ्यावर रागावून उठले नव्हते, असं काही मी तुला गोड करून सांगणार नाही. रागावलेच होते. तुला हुकूम नव्हता आणि तरी तू सगळी माणसं जिवंत घरी आणलीस, हे त्यांना बघवेना. आचाऱ्यानं जे सांगितलं होतं ते तू कुणी न सांगता केलंस. एवढ्या वर्षांची टेकडी तू एका शब्दात खाली आणलीस, आणि तीही जेवायला बसून.

येत्या चोवीस तारखेला नव्या तुकडीला टेकडीचा धडा आहे. आजोबांना बोलावणं आलंय, दर वर्षीसारखं. जाणार म्हणाले.

मुदत महिनाअखेर आहे ना? मग अखेरपर्यंत थांब. मुदत ही शेवटच्या दिवसापर्यंत आपली असते, आधी परत केली म्हणून कुणी शाबासकी देत नाही.

आजी


२७ नोव्हेंबर

भिंगरे,

हे पत्र टपालानं आलेलं नाही, हे तुला दिसतंच आहे. आणणारा समोर उभा असेल. त्याला जरा उभा राहू दे, आधी हे वाच.

चोवीस तारखेला मी बरोबर गेले. भुशाचं पोतं मीच नेते, त्यामुळे मला कुणी अडवत नाही. शिकाऊ पोरंपोरी बाकांवर, कोरे बूट, कोऱ्या वह्या. मास्तर नवीन आहेत, सभ्य माणूस, आजोबांना बाबा म्हणतात. त्यांनी टेकडीची लढाई थोडक्यात सांगितली आणि छडी आजोबांच्या हातात दिली. आजोबांनी छडी काखेत धरली, वाकले आणि अंगठ्यानं मागच्या उतारावर रेघ ओढली. तळवा वर आला. मी बघत होते. तो तळवा तसाच खिशात गेला आणि दाताच्या पुडीची डबी घेऊन बाहेर आला. रेघेवर पांढरी पूड टाकली, शेवटच्या बाकावरून दिसेल अशी.

मास्तर हळूच म्हणाले, "बाबा, ती वाट नकाशात नाही."

"डोंगरात आहे," आजोबा म्हणाले.

मग सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही, थांबले नाहीत, हजेरी वाचावी तसं. निरोप्या, दोन टेकड्या, आचारी, पलीकडे झोपलेली फौज. आपण काय म्हणालो तेही. पोरांची पेनं आधी चालत होती, मग एकेक थांबली. मास्तर घड्याळ बघत होते, मग तेही बघायचं थांबले. मागच्या बाकावरची एक पोरगी उठली आणि तिनं विचारलं, मग धडा काय लिहायचा? उद्धटपणा नव्हता त्यात. तिला खरंच लिहायचं होतं.

आजोबांनी पुडीच्या डबीला झाकण लावलं. मग म्हणाले, "ज्यांच्यासाठी जागा धरली ते अजून खाली आहेत का, हे वाकून बघत राहायचं. नसतील तर माणसं घेऊन निघायचं. आपण शेवटी निघायचं. माझ्या नातीनं केलं तसं."

माझ्या म्हणाले. मी बाजूलाच उभी होते, माझे कान अजून शाबूत आहेत.

टाळ्याबिळ्या झाल्या नाहीत. मास्तरांनी आभार मानले, चहा दिला, छडी परत घेतली. काल शाळेचा शिपाई निरोप घेऊन आला, की पुढच्या वर्षीपासून बाबांना इतक्या लांब यायचा त्रास नको. आजोबा म्हणाले, बरं. मग अंगणात गेले, वाळू पाटीत भरली आणि गवंड्याला परत देऊन आले. तो म्हणाला, इतक्यात झालं? म्हणाले, झालं.

मी पेन पुढं केलं. म्हटलं, आता तिला तुमच्या हातानं दोन ओळी लिहा. त्यांनी पेन घेतलं, टोपण काढलं, टोपण लावलं. म्हणाले, पत्र नको. निरोप चुकीच्या टेकडीवर जातो. मी स्वतः नेतो.

तेव्हा आता खरं सांगते. पायाचं काही नाही असं मी लिहीत आले ते खोटं. पाय सुजतात, डॉक्टरांनी लांबचा प्रवास बंद केलाय, आणि हा माणूस दोन बस बदलून तुझ्या गोदामाच्या फाटकाशी आलाय. शर्टाला मधलं एक बटण काळं दिसेल, त्याला हसू नकोस. पांढरं तुझ्या चौकीत कामी आलं, ते सापडलं नाही.

तो आपणहून बसणार नाही. हुकूम म्हणून सांग, तरच बसेल. तू लेफ्टनंट आहेस, तो हवालदार. चहात साखर कमी. लगेच बोलेल अशी आशा धरू नकोस, आणि तूही लगेच भांडू नकोस, भांडायचं असेल तर खाऊन भांड.

त्याच्याकडे तुझ्यासाठी तोंडी निरोप आहे. त्या रात्री जो पोचला नाही तोच: जागा सोडा, माणसं घेऊन परत या. बसमध्ये पाठ करत आला असेल. हवालदारानं लेफ्टनंटला हुकूम द्यायचा नसतो, एवढं मलाही कळतं. पण आजोबानं नातीला द्यायला कुणाची ना नाही. आता पुन्हा कुणी तुला विचारलं, हुकूम होता का, तर सांग, होता. पोचायला उशीर झाला.

कोर्टात काय होईल ते मला कळत नाही. वाळूवर मी जिंकत होते, तिथं माझं काय चालणार. पण तू उभी राहिलीस तर आम्ही दोघं मागच्या बाकावर बसलेलो असू, आणि विचारलं तर आजोबा बोलतील. त्यांना आता त्याची सवय लागलीय.

त्या दुसऱ्या कागदाला पेन लावू नकोस. सही करायचीच असेल तर ह्या पत्राच्या मागे कर, निरोप मिळाला म्हणून, आणि पत्र त्याच्या हाती परत दे. सही आणल्याशिवाय घरात घेणार नाही, असं मी त्याला सांगून ठेवलंय.

आजी